वाळवणातल्या तुरीची महिनाअखेरची किंमत कशी काढायची

दालमिलच्या हिशेबात दोन टोकं सोपी असतात. गोदामातली तूर पोत्यांनी मोजता येते, थप्पीला लागलेली डाळ कट्ट्यांनी. अडचण मधल्या मालाची. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी एक ढीग तेल लावून ताडपत्रीखाली मुरत असतो, दुसरा अंगणात वाळत असतो, आणि रोलरखालून एकदा जाऊन आलेली अर्धवट सुटलेली तूर कोपऱ्यात दुसऱ्या पासाची वाट बघत असते. ती आता तूरही नाही आणि अजून डाळही नाही. लहान मिलमध्ये अशा मालाचं दोनपैकी एक होतं. दिवाणजी त्याला सरळ तुरीत धरतात, नाहीतर तो कुठेच धरला जात नाही. दुसऱ्या प्रकारात त्या महिन्याचा नफा पडतो आणि पुढच्या महिन्यात फुकटात डाळ निघाल्यासारखा वर उसळतो.

अकोला, वाशीम, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल किंवा तिच्याहून थोडी मोठी यंत्रं घेऊन शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट डाळ करतात. कॅश क्रेडिट (साठा तारण ठेवून मिळणारं बँकेचं कर्ज) घेतलं असेल तर बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं. त्यात कच्चा माल, अर्धवट माल आणि तयार माल वेगळा दाखवावा लागतो. म्हणजे हे काम वर्षातून एकदा सीएसमोर करून भागत नाही. खालची पद्धत दिवसाला दहा-पंधरा क्विंटल भरडणाऱ्या मिलसाठी आहे. उदाहरणातले दर हिशेब समजावा म्हणून घेतलेत, तिथे तुमचे दर घाला.

आधी क्विंटल, मग टक्के

कॉस्टिंग शिकलेला माणूस आला की पहिला प्रश्न विचारतो, 'माल किती टक्के झाला?' डाळीच्या धंद्यात हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. तुरीची किंमत क्विंटलला आठ हजारांच्या घरात आणि भरडाईचा खर्च चारशेच्या आसपास. अर्धवट मालाच्या एकूण किमतीत तुरीचाच वाटा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के असतो. टक्क्यात दहाची चूक झाली तर क्विंटलमागे चाळीस रुपये इकडेतिकडे होतात, क्विंटल मोजण्यात एकाची चूक झाली तर आठ हजार.

आणि क्विंटल मोजणंच इथे फसवं आहे, कारण तूर वाटेत वजन बदलत जाते. समजा १२ टक्के ओलाव्याची २० क्विंटल तूर वाळवायला घातली आणि ती ९ टक्क्यांवर आली. त्यातला सुका भाग १७.६ क्विंटल, तो तेवढाच राहतो. पण ९ टक्के ओलाव्यावर काट्यावर वजन भरतं १९.३४ क्विंटल. तूर कुठेही गेली नाही, तरी ६६ किलो कमी. ८,१५० रुपये दराने हा ५,३७९ रुपयांचा फरक झाला. मग फोडण्याच्या आदल्या रात्री पाणी मारलं की वजन पुन्हा चढतं. ३ टक्के पाणी मारलं तर तोच ढीग १९.९२ दाखवतो. काट्यावर दिसेल तेच लिहायचं ठरवलं तर एका महिन्यात तूर चोरीला जाते आणि दुसऱ्या महिन्यात पाण्याला डाळीचा भाव मिळतो.

म्हणून अर्धवट माल नेहमी 'गोदामातून किती क्विंटल तूर दिली होती' या मापात मोजायचा. काट्याचा उपयोग तपासणीपुरता. तपासणीचं सूत्र असं:

मूळ तूर = काट्यावरचं वजन × (१०० − आताचा ओलावा) ÷ (१०० − देतानाचा ओलावा)

वरच्या ढिगाला लावून बघा: १९.३४ × ९१ ÷ ८८ = २०. आकडा जुळला. पहिल्या पासात निघालेली पूड आणि टरफल वेगळं भरून ठेवलं असेल तर त्याचं वजन यात मिळवायचं. ओलावामापक नसेल तर हा ताळा बसणार नाही. तो यंत्राच्या आधी घ्यायची वस्तू आहे. शिवाय खरेदीच्या वेळीही तिचं काम पडतंच.

लॉट कार्ड

प्रत्येक लॉटला एक जाड कागदाचं कार्ड. तूर गोदामातून निघते तेव्हा कार्ड सुरू होतं आणि ढिगासोबत फिरतं. त्यावर लॉट नंबर, तारीख, दिलेले क्विंटल, देतानाचा ओलावा, तूर कोणाची आणि टप्प्यांचे रकाने. टप्पा संपला की तिथल्या माणसाने तारीख टाकून सही करायची. सही करायला बाईमाणूस असो की ऑपरेटर, ज्याच्या हाताखाली तो टप्पा झाला त्यानेच करावी. संध्याकाळी दिवाणजींनी बसून सगळे रकाने भरले तर ते कार्ड नाही, निबंध आहे.

सफाईत निघालेला काडीकचरा, कुटार, खडे आणि माती याचं वजनही कार्डावर लिहा. खरेदीच्या दरात ही घट धरलेली असते, त्यामुळे ती वेगळी खर्ची टाकायची नाही. पण एखाद्या गावच्या तुरीत ती नेहमीच्या दुप्पट निघाली तर पुढच्या खरेदीला भाव ठरवताना कामी येते.

भरडाईचे टप्पे आणि त्यांचा वाटा

टप्पे प्रत्येक मिलचे थोडे वेगळे असतात. साधारण सात धरा. क्विंटलमागचा खर्च आणि तिथवरची बेरीज पुढे दिली आहे:

सफाई आणि प्रतवारी: ३० रुपये, तिथवर ७.५ टक्के
रोलरवर चरे पाडणं आणि तेल लावणं: ६० रुपये, तिथवर २२.५ टक्के
वाळवण: ९० रुपये, तिथवर ४५ टक्के
पाणी मारून रात्रभर मुरवणं: २० रुपये, तिथवर ५० टक्के
सोलणी-फोडणी: १२० रुपये, तिथवर ८० टक्के
चाळणी, प्रतवारी, पॉलिश: ५० रुपये, तिथवर ९२.५ टक्के
भरणी आणि शिलाई: ३० रुपये, तिथवर १०० टक्के

हे आकडे अंदाजाने बसवू नका. वीस क्विंटलचा एक लॉट घ्या आणि प्रत्येक टप्प्याला किती माणसं किती तास लागली आणि मीटर किती युनिट फिरलं ते वहीत उतरवा. असे तीन लॉट झाले की सरासरी निघते. वर्षातून दोनदा तपासलं तरी पुरे, एकदा हंगामात आणि एकदा पावसाळ्यात, कारण पावसाळ्यात वाळवणाचे दिवस आणि ढीग झाकण्या-उघडण्याची मजुरी दोन्ही वाढतात.

टप्पा अर्धाच झाला असेल तर? सहसा शेवटचा पूर्ण झालेला टप्पा धरायचा. अपवाद वाळवणाचा. ऊन बघून दोन ते पाच दिवस लागतात आणि रोज पसरणं, वर-खाली करणं, संध्याकाळी गोळा करून झाकणं हे काम चालू असतं. चार दिवसांपैकी दोन झाले असतील तर ९० पैकी ४५ रुपये धरा.

तेल आणि बारदाना या टक्क्यांत नाहीत, ते माल आहेत. तेल दुसऱ्या टप्प्यावर एकदम लागतं. त्या टप्प्यापुढच्या तुरीवर पूर्ण धरायचं, मागच्या तुरीवर शून्य. बारदाना शेवटी लागतो, म्हणून अर्धवट मालात तो कधीच येत नाही. रिकामे कट्टे स्टोअरमध्येच राहतात, भरणीसाठी काढून ठेवले असले तरी.

महिनाअखेरची संध्याकाळ

शेवटच्या दिवशी पाळी संपताना, समजा सहा वाजता, गोदामातून तूर देणं बंद. गेटवर तुरीची ट्रॉली उभी असेल तर एक ठरवा: ती आत घेतली तर पावती आणि माल दोन्ही या महिन्यात, नाहीतर दोन्ही पुढच्या. माल उतरवून घेतला आणि बिल आलं नाही म्हणून नोंद राहिली, ही सर्वात नेहमीची चूक. अशा वेळी सौद्याच्या दराने देणं लावून टाका.

मग दोन माणसांनी सगळे ढीग फिरायचे. एक कार्ड वाचतो, दुसरा ढीग बघतो. कार्डाशिवाय ढीग सापडला किंवा ढिगाशिवाय कार्ड सापडलं तर तिथेच थांबा, सकाळवर ढकलू नका. सकाळी आठला ढीग पसरला जातो, दोन लॉट शेजारी शेजारी येतात आणि मग कोणालाच सांगता येत नाही.

त्याच वेळी मीटरचं रीडिंग लिहून घ्या. विजेच्या बिलाची तारीख महिन्याच्या शेवटाशी जुळेलच असं नाही, म्हणून युनिट स्वतः मोजून गेल्या बिलाच्या दराने तरतूद करायची. त्यात स्थिर आकार विसरायचा नाही. मजुरीचंही तसंच. गावात मजुरी बाजाराच्या दिवशी वाटली जाते. बाजार २४ तारखेला झाला असेल तर २५ ते २८ फेब्रुवारीची हजेरी दिलेली नसते, पण काम झालेलं असतं. हजेरीपुस्तकावरून ती रक्कम काढून देणं दाखवा.

हिशेब

फेब्रुवारीचं उदाहरण घेऊ. १ तारखेला लॉट ९ वाळून पडला होता, २० क्विंटल, ४५ टक्के झालेला. महिन्यात ३०० क्विंटल तूर नव्याने भरडायला दिली. २८ तारखेला उरला फक्त लॉट १४. त्याला ६० क्विंटल दिली होती, २५ क्विंटलची डाळ होऊन थप्पीला लागली, २० क्विंटल पूर्ण वाळलेली आणि १५ क्विंटल तेल लावून ढिगात. म्हणजे महिन्यात पूर्ण झालेली तूर २० + ३०० − ३५ = २८५ क्विंटल.

भरडाईचा खर्च तरतुदींसकट: मजुरी ५२,०००, वीज २७,४००, डिझेल ४,८००, रोलरची एमरी (तूर घासणारा खरखरीत थर) आणि दुरुस्ती ९,०००, सुपरवायझर १२,०००, घसारा १३,०००. एकूण १,१८,२०० रुपये. एमरीचा नवा थर काही महिने टिकतो, त्यामुळे त्याचं पूर्ण बिल एका महिन्यावर टाकलेलं नाही, भरडलेल्या क्विंटलच्या हिशेबाने वाटा घेतला आहे. ऑफिसचा पगार, डाळ विकण्याची दलाली, पोहोचवण्याचं भाडं आणि बँकेचं व्याज यात घालायचं नाही. तयार डाळीच्या गोदामाचं भाडंही नाही. मुरवणं आणि वाळवणं हा मात्र प्रक्रियेचाच भाग आहे, त्याचा खर्च येतो.

आता महिन्यात झालेलं काम पूर्ण क्विंटलमध्ये मोजा. पुस्तकात याला समतुल्य एकक म्हणतात.

लॉट ९ चं उरलेलं काम: २० × ५५ टक्के = ११
या महिन्यात सुरू होऊन संपलेलं: २६५
वाळलेली २० क्विंटल × ४५ टक्के = ९
तेल लावलेली १५ क्विंटल × २२.५ टक्के = ३.३७५
एकूण २८८.३७५

१,१८,२०० भागिले २८८.३७५ म्हणजे क्विंटलला ४०९.८८, धरा ४१० रुपये. मागचा शिल्लक खर्च मिळवून सरासरीने काढलं तरी फार फरक पडत नाही. जानेवारीचा दर ३९५ असेल तर सरासरी ४०९.४३ येते. 'पहिली आवक पहिली जावक' (वरचा ४१० चा हिशेब) घ्या की सरासरी, लेखा मानक एएस-२ ला दोन्ही चालतात. दर महिन्याला सोयीप्रमाणे बदलू नका, एवढंच.

तूर ८,००० रुपये क्विंटलने घेतली आणि हमाली, तोलाई, सेस, भाडं मिळून १५० लागले तर घरपोच ८,१५०. तेल क्विंटलला २५० ग्रॅम, १४० रुपये किलोने ३५ रुपये. मग २८ फेब्रुवारीचा अर्धवट माल असा येतो:

तूर ३५ × ८,१५० = २,८५,२५०
तेल ३५ × ३५ = १,२२५
भरडाई १२.३७५ × ४१० = ५,०७४
एकूण २,९१,५४९ रुपये

वर ओलाव्याने निघालेला ५,३७९ चा फरक आठवा. एकाच ढिगाच्या काट्यातली ती चूक या सगळ्या मालावर चढलेल्या भरडाईपेक्षा मोठी आहे.

लॉट अर्धा, डाळ थप्पीला

लॉट १४ मधून २५ क्विंटल तुरीची डाळ झाली, हे कसं ठरवलं? तूर एका पासात पूर्ण सुटत नाही. न सुटलेली परत तेल-पाणी लावून वाळते आणि पुन्हा रोलरला जाते. त्यामुळे एका लॉटची डाळ दोन-तीन हप्त्यांत येते आणि कोणती डाळ कोणत्या तुरीची हे सांगता येत नाही. मार्ग हा: आलेली डाळ भागिले नेहमीचा उतारा, म्हणजे शंभर किलो तुरीमागे निघणारी डाळ. १८ क्विंटल डाळ आली, मिलचा उतारा ७२ टक्के, तर १८ ÷ ०.७२ = २५ क्विंटल. उतारा शेवटच्या पाच बंद लॉटच्या सरासरीने घ्या. यंत्र विकणाऱ्याच्या कागदावरचा घेऊ नका.

या सूत्रात एक खोट आहे. लॉट खराब निघाला किंवा डाळ बाजूला गेली तर ती तूट अर्धवट मालात लपून बसते. सूत्र म्हणतं ३५ क्विंटल उरली, प्रत्यक्षात ३३ असते. म्हणूनच वरचा ओलाव्याचा ताळा. सूत्राचे क्विंटल आणि काट्यावरून काढलेले क्विंटल यांत एक-दीड टक्क्यापेक्षा जास्त अंतर दिसलं तर कमी असलेला आकडा धरा आणि फरक शोधायला लागा.

तयार डाळीची किंमत मग अशी बसते. तूर २५ × ८,१५० = २,०३,७५०, तेल ८७५, भरडाई १०,२५०, बेरीज २,१४,८७५. यातून जोडमाल वजा करायचा. कणी-चुनी ३ क्विंटल २,६०० ने ७,८०० आणि टरफल ३.२५ क्विंटल १,६०० ने ५,२००, मिळून १३,०००. उरलेली ०.७५ क्विंटल ही नेहमीची घट, तिला वेगळी किंमत नाही, ती चांगल्या मालावरच बसते. राहिले २,०१,८७५. पन्नास किलोचे ३६ कट्टे २२ रुपयांनी ७९२. एकूण २,०२,६६७, म्हणजे डाळीला क्विंटलमागे ११,२५९ रुपये.

चुनी-टरफल त्या महिन्यात विकलं नाही तरी विक्रीचा खर्च काढून येणाऱ्या किमतीला वजा करा आणि तेवढ्यालाच साठ्यात दाखवा. अनेक मिलमध्ये चुनीचे पैसे 'इतर उत्पन्न' म्हणून ढोरांच्या खाद्याच्या विक्रीत जातात आणि डाळीची किंमत तेवढ्याने फुगलेली राहते. आपल्या उदाहरणात क्विंटलला ७२२ रुपये. भाव सांगताना हाच माणूस बाजारात मागे पडतो.

परकी तूर

शेतकरी स्वतःची तूर भरडायला टाकतो आणि मिल क्विंटलवर भरडाई घेते. ही तूर आपल्या साठ्यात येत नाही, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तर मुळीच नाही. कार्ड वेगळ्या रंगाचं ठेवा. पण भरडाईचा खर्च वाटताना तिचे क्विंटल धरलेच पाहिजेत, मजुरी आणि वीज तिनेही खाल्ली आहे. वरच्या महिन्यात ४० क्विंटल परकी तूर पूर्ण झाली असती तर भागाकार ३२८.३७५ ने होऊन दर ३६० आला असता. ते ४० विसरले की स्वतःच्या डाळीवर क्विंटलमागे ५० रुपये जास्त चढतात आणि भरडाईचं उत्पन्न निव्वळ नफा वाटतो.

काय खर्चात टाकायचं, काय मालावर नाही

अवकाळी पाऊस आला, ताडपत्री उडाली आणि दोन क्विंटल तुरीला बुरशी लागली. ही नेहमीची घट नाही. त्या दोन क्विंटलची तूर, तेल आणि तोवरची भरडाई सरळ नफा-तोट्यात. बाकीच्या मालावर वाटली तर डाळ महाग दिसते आणि नुकसान साठा म्हणून पुढच्या महिन्यात जातं.

बंद दिवसांचंही हेच. घसारा आणि सुपरवायझर मिळून २५,००० हा खर्च मिल चालो न चालो लागतो. नेहमीच्या २९० पूर्ण क्विंटलवर तो ८६ रुपये पडतो. ढगाळ हवेने १४५ च झाले तर सरळ भागाकार १७२ देतो. मालावर ८६ च चढवा आणि उरलेले १२,५०० त्या महिन्याच्या खर्चात जाऊ द्या. काम कमी झालं म्हणून ढिगाची किंमत वाढत नाही.

शेवटी बाजारभावाशी तुलना. साठा लागत किंमत किंवा विक्रीतून निव्वळ मिळणारी किंमत, यांत जी कमी असेल तिने धरायचा. अर्धवट माल अर्धवट स्थितीत कोणी घेत नाही, म्हणून तो डाळ होऊन काय देईल ते बघा. डाळ १०,९०० वर आली असं धरू. ३५ क्विंटलची २५.२ क्विंटल डाळ २,७४,६८० आणि जोडमाल १८,२००, मिळून २,९२,८८०. त्यातून उरलेली भरडाई २२.६२५ × ४१० = ९,२७६, बारदाना १,१०९ आणि विक्रीखर्च क्विंटलला १०० प्रमाणे २,५२० वजा. हाती २,७९,९७५. लागत २,९१,५४९ होती, म्हणून ११,५७४ रुपये फेब्रुवारीतच कमी करायचे. तयार डाळीला तेच लागू. गोदामातली तूरही तपासा. तिची डाळ लागत किमतीला विकली जाणार नसेल तर तूर आजच्या खरेदीभावावर आणावी लागते.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये

'प्रक्रियेतली तूर' हा वेगळा स्टॉक आयटम आणि 'वाळवण' हे वेगळं गोडाऊन करा. तूर दिली की स्टॉक जर्नलने गोदामातून तिकडे. डाळ आली की मॅन्युफॅक्चरिंग जर्नल: खपत म्हणून उताऱ्याने निघालेली तूर, वरचा खर्च म्हणून भरडाई, जोडमाल म्हणून चुनी आणि टरफल. इथे लोक पहिल्याच हप्त्याच्या डाळीवर पूर्ण ६० क्विंटल खपत टाकतात, कारण बीओएम (किती मालातून किती डाळ, याची टॅलीत भरलेली यादी) लॉटच्या मापाने केलेला असतो. मग १८ क्विंटल डाळीला साठ क्विंटल तुरीची किंमत चिकटते, आणि दुसऱ्या हप्त्याला तूरच नसल्याने साठा उणे जातो. बीओएम एक क्विंटल डाळीचाच ठेवा.

अर्धवट मालावर चढलेले ५,०७४ आणि तेलाचे १,२२५ महिनाअखेरच्या स्टॉक जर्नलने त्या आयटमच्या किमतीत घालायचे, तूर खाली-वर न करता. मजुरी आणि विजेच्या तरतुदींच्या नोंदी १ मार्चला उलटवा. त्या राहून गेल्या तर बाजाराच्या दिवशी मजुरी वाटली आणि वीजबिल भरलं की तोच खर्च दुसऱ्यांदा पडतो. ११,५७४ ची घट मात्र आपोआप उलटवू नका. मार्चअखेर भाव बघून नव्याने मोजा.

मार्चमध्ये लॉट १४ बंद होईल तेव्हा कार्डावर ६० क्विंटलला एकूण डाळ लिहा. ४३.२ यायला हवी होती आणि ४२.३ आली, तर ०.९ क्विंटलची तूट मार्चच्या हिशेबात घ्या, फेब्रुवारी उघडू नका, आणि पाच लॉटच्या सरासरीत हा नवा उतारा धरा. ३१ मार्चला मात्र शक्यतो एकही लॉट अर्धा ठेवू नका. २६-२७ तारखेपासून नवी तूर देणं थांबवलं की वाळवण मोकळं होतं. तरीही उरलंच तर तो ढीग पोत्यात भरून, ओलावा घेऊन, दोन सह्यांनिशी वजन करा. ऑडिटर त्याच कागदाची मागणी करतो.